उस्तादांचा कान

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. एवढंच काय, ती माझ्या कुठल्या यादीतही नाही. मला ओळखणाऱ्या माणसाला यावरूनच कळेल की प्रकरण साधं नाही. कारण माझ्याकडे सगळ्याची यादी असते. सिलिंडर कधी लावलं, कोणाच्या लग्नात कोणतं भांडं दिलं, मुलीच्या होस्टेलच्या पेटीत काय काय ठेवलं. फ्रीजवर एक यादी, गॅरेजच्या टेबलावर एक, पर्समध्ये एक. काम झालं की त्यावर आडवी रेघ. रेघ मारल्यावर जे बरं वाटतं ते — तुम्हीही याद्या करत असाल तर वेगळं सांगायला नको.

हे मात्र कधी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर रोज पुढच्या पानावर उतरवावं लागलं असतं. आठ वर्षं.

आता लिहायला बसले आहे, तर दोनदा उठून झालं. एकदा दुधाचं पातेलं पाहायला, एकदा उगीच.

आधी मशीनबद्दल सांगते. नाही — आधी उस्तादांबद्दल सांगायला हवं, मशीन नंतर आलं.

चिखलीत खामगाव रोडला आमचं गॅरेज आहे. माझ्या नवऱ्यानं, विलासनं, ते सुरू केलं तेव्हा त्याच्याकडे एक टिनाचं शेड, पान्यांची एक पेटी आणि सुखदेव उस्ताद होते. उस्ताद विलासपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. राहायला उंद्रीला. रोज सकाळी पहिल्या जीपनं यायचे आणि येता येताच त्या जीपमध्ये काय बिघडत चाललंय ते ड्रायव्हरला सांगून उतरायचे. गाडी तपासायची त्यांची पद्धत ठरलेली होती. लांब दांडीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग टोक चार बोटं सरकवायचं. पुन्हा ऐकायचं. शेजारी कोणी बोललं तर डावा हात वर जायचा, आणि अख्खं गॅरेज गप्प व्हायचं. डोळे उघडले की एका बोटानं जागा दाखवायचे. दोष तिथंच निघायचा.

पार धाड गावावरून लोक गाड्या घेऊन यायचे. ‘उस्तादाले ऐकवून आणतो’ असं म्हणायचे. जसं आपण डॉक्टरांना दाखवून आणतो म्हणतो, तसं.

मला ते वहिनी म्हणायचे. हे लक्षात ठेवा.

मग नव्या गाड्या यायला लागल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, आणि दिवा का लागला ते कानाला कळत नाही. तो दोष वाचणारं मशीन, म्हणजे स्कॅनर, घ्यायचा हट्ट माझा होता. विलासला पटत नव्हतं. पण इंग्रजी वाचणारी मी, वही ठेवणारी मी, आणि गॅरेजमध्ये इतकी वर्षं चहाचे कप मोजणारीही मीच. मला तिथं काहीतरी स्वतःचं हवं होतं. हे आज लिहिता येतं. तेव्हा मी ‘धंद्यासाठी गरज आहे’ असं म्हणाले होते.

अकोल्याला दोन दिवस शिकायला गेले. वीस पुरुषांत मी एकटी बाई. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात वायर लावायची, चावी फिरवायची. पहिल्या स्क्रीनवर गाडी स्वतःची ओळख सांगते — सतरा अक्षरं आणि आकड्यांचा चेसिस नंबर, इंजिन कोणतं, वगैरे. पुढचं बटण दाबलं की कोड येतात. एक अक्षर, चार आकडे. धुराशी, हवेशी, प्रदूषणाशी संबंधित काहीही बिघडलं की गाडी तो कोड लिहून ठेवते आणि दिवा लावते. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं: पहिला स्क्रीन लिहून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझ्या वहीत ते वाक्य आहे. खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. आजही आहेत, आत्ताच पाहून आले.

पण आपल्याकडे सतरा अक्षरांनी गाडी कोण ओळखतं? गाडी म्हणजे तिचा मालक आणि तिची लाइन, रोज ज्या गावाला जाते ती. माझ्या वहीत पहिला रकाना ‘गाडी’ असा होता, आणि त्यात मी लिहायचे: धाड. उंद्री. डॉक्टरांची पांढरी. शाळेची. वाकून नंबरप्लेट पाहायचीही मला गरज वाटत नव्हती.

आता त्या दिवसाकडे जायला हवं. जातेच आहे.

पंजाबराव म्हणून एकांच्या दोन प्रवासी जीपा आमच्याकडे असायच्या. दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. एक उंद्रीच्या लाइनला चालायची, एक धाडच्या. समोरच्या काचेला आतून टिनाची पाटी टेकवलेली असायची, त्यावर रंगानं गावाचं नाव. त्या दिवशी धाडचा आठवडी बाजार होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दोन्ही जीपा एकामागोमाग आमच्याकडे आल्या. दोन्हींचा पिवळा दिवा लागलेला. विलास अकोल्याला सामान आणायला गेला होता, उस्ताद त्या दिवशी लवकर घरी गेले होते. मी एकटी होते आणि मशीन होतं. मला खरं तर आनंदच झाला.

धाडची पाटी असलेल्या जीपमध्ये मी आधी बसले. वायर लावली, चावी फिरवली. पहिला स्क्रीन आला. मी पुढचं बटण दाबलं. कोड आला पी ०४०२. इंजिनातून बाहेर पडणारा थोडा धूर परत आत सोडणारी एक झडप असते, प्रदूषण कमी व्हावं म्हणून. तिला सगळे ईजीआर म्हणतात. काजळी धरली की ती नीट मिटत नाही, मग इंजिन थरथरतं आणि काळा धूर काढतं. तो हा कोड. मग उंद्रीच्या पाटीची जीप. पहिला स्क्रीन, पुढचं बटण. पी ०११३. आत जाणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची पिन सैल असावी. किरकोळ काम.

वहीत लिहिलं. धाड: ईजीआर खोलून साफ करणे. उंद्री: सेन्सरची पिन पाहणे. दोन ओळी, सुवाच्य अक्षरात. दोन्ही गाड्यांतले कोड पुसले, दिवे विझवले. ड्रायव्हर गाड्या तिथंच ठेवून घरी गेले.

सकाळी उस्ताद आले. मी वही पुढे केली. त्यांनी वही पाहिली नाही. ते कधीच पाहायचे नाहीत. दोन्ही जीपा सुरू करायला लावल्या, पेचकस घेतला. डोळे मिटले. धाडची पाटी असलेल्या जीपवरून पेचकस लगेच उचलला आणि दुसरीवर टेकवला. तिथं बराच वेळ थांबले.

“वहिनी, हे खोला,” ते म्हणाले. बोट उंद्रीच्या पाटीच्या गाडीकडे. “झडप फडफडून राह्यली हिची. ते दुसरी चांगली हाय.”

मी वही दाखवली. मी म्हणाले, मशीन उलटं सांगतंय.

“मशीन काही सांगो. मले ऐकू येते ना.”

इथंच थांबले असते तर? दोन मिनिटांचं काम होतं — पुन्हा वायर लावायची आणि पहिला स्क्रीन वाचायचा. पण एव्हाना बाजूच्या टपरीवरचे चार लोक कप घेऊन शेडमध्ये आले होते. दोन्ही ड्रायव्हर आले होते. कान की मशीन, असा सामना लागला होता, आणि तो पाहायला माणसं जमली होती. मी मशीनच्या बाजूनं उभी होते. खरं म्हणजे मीच मशीन होते. आणि त्या शेडमध्ये माझं म्हणणं ऐकायला इतकी माणसं पहिल्यांदाच उभी होती.

मी म्हणाले, “उस्ताद, यात लेखी आहे.”

लेखी. हा माझा शब्द. घरात, नात्यात, गॅरेजमध्ये, कुठंही वाद झाला की मी तो काढते, आणि समोरचा गप्प बसतो.  उस्तादांनी स्वतःच धाडच्या पाटीच्या गाडीची झडप खोलायला घेतली. निघाली तेव्हा ती काळी होती. डिझेल गाडीची झडप कधीही खोला, थोडी काळी असतेच. हे उस्तादांना माहीत होतं, मलाही. जमलेल्यांना माहीत नव्हतं.

“अरे, निघाली ना काजळी!” उंद्रीच्या लाइनचा ड्रायव्हर शेषराव ओरडला. “उस्ताद, आता तो पेचकस चहात फिरवा. साखर तरी इरघळन!”

सगळे हसले. मीही हसले. उस्तादही हसले, थोडे उशिरा.

झडप साफ करून बसवली. ती काढताना मधली हवेची नळी काढावी लागते, आणि त्या सेन्सरची पिनही. पिन परत घट्ट बसली. त्या गाडीचा खरा दोष तेवढाच होता, तो असा नकळत गेला, आणि तिचा दिवा पुन्हा लागला नाही. दुसऱ्या गाडीची पिन आम्ही नुसती पुसून लावली. तिचाही दिवा आदल्या दिवशीपासून विझलेला होता, कारण कोड मीच पुसला होता. कोड पुसला की दिवा लगेच परत येत नाही. गाडीला पुन्हा काही दिवस चालून दोष स्वतः पकडावा लागतो. तोवर सगळं ठीक दिसतं.

दुसऱ्या दिवशी शेषरावच्या गाडीतून उतरल्यावर उस्ताद थोडा वेळ तिच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. “मले अजूनई तोच आवाज येऊन राह्यला,” असं म्हणाले. कोणाला उद्देशून नाही. शेषराव म्हणाला, “दिवा कुठी हाय? दाखवा दिवा.” उस्तादांनी हात काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, आज कोनती गाडी घेऊ?”

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. मला ते आवडलं. हेही लिहायलाच हवं — मला ते आवडलं.

आता खरं काय ते.

सहाव्या दिवशी शेषराव गाडी घेऊन परत आला. दुपार होती. विलास पुढे कोणाशी तरी बोलत होता, उस्ताद मागे टाकीवर हात धूत होते. दिवा लागलाय, गाडी ओढत नाही, धूर मारते, असं शेषरावचं म्हणणं. काचेला उंद्रीची पाटी. मी बसले, वायर लावली. पहिला स्क्रीन आला, पण या वेळी मशीन पुढे जाईना. त्यानं इंग्रजीत विचारलं: ही गाडी आधी तपासलेली आहे, जुना अहवाल पाहायचा का?

मी हो दाबलं. बाजाराचा दिवस. संध्याकाळी पाच. पी ०४०२.

मी वही काढली. वहीत उंद्रीसमोर सैल पिन. झडप धाडसमोर. मला वाटलं, मशीन बिघडलं. मग मी शेषरावला विचारलं, बाजाराच्या दिवशी ही गाडी कुठं होती?

“धाडले,” तो म्हणाला. “बाजाराच्या दिवशी हेच जाते ना धाडले. हिचे मागचे टायर नवे हायेत, वजन झेपते. पाट्या बदलवतो आमी तेवढ्यापुरत्या. मंग संध्याकाळी जाताना जागच्या जागी. काऊन?”

मी म्हणाले, काही नाही.

समजलं ना? मी गाडी तपासली तेव्हा काचेला बाजाराची पाटी होती. मी पाटी वाचून लिहिलं. ड्रायव्हरांनी घरी जाताना पाट्या आपापल्या जागी लावल्या. सकाळी माझी वही उलटी झाली होती, आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या सगळ्यांत फक्त एका माणसाला पाटीशी देणंघेणं नव्हतं. त्यानं डोळे मिटले होते.

मशीन बरोबर होतं. कान बरोबर होता. मधली वही चुकली होती.

उस्ताद टाकीवरून येत होते, पंच्याला हात पुसत. मधे पंधरा पावलं असतील. सांगायला एक वाक्य पुरलं असतं — उस्ताद, तुमचं बरोबर होतं, मी पाटी पाहून लिहिलं. फार तर काय झालं असतं? लोक हसले असते. शेषरावनं आठवडाभर पाटीवरून टोमणे मारले असते. मी परत वहिनी झाले असते. बस. इतकंच. या इतक्याची मला भीती वाटली.

मशीननं पुढचा प्रश्न विचारला. हा अहवाल ठेवायचा की काढून टाकायचा? मला सांगा, हा प्रश्न कोणी विचारला नसता तर मी ते केलं असतं का? — नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला नको. मशीननं पर्याय दिला, बोट माझं होतं. मी अहवाल काढून टाकला. मग यादीत जाऊन दुसऱ्या गाडीचाही शोधून पुसला. आयुष्यात मी एक जुनं बिल फेकलेलं नाही. लग्नातल्या आहेराची वही माझ्याकडे आहे. आणि जी एकच नोंद त्या माणसाच्या बाजूनं साक्ष देणार होती, ती मी पुसली. शेषराव बाजूच्या सीटवर तंबाखू मळत होता.

इथं संपलं असतं तर त्याला भित्रेपणा म्हणता आलं असतं. पुढचं त्याच्याहून वाईट आहे.

मी शेषरावला म्हणाले की ही गाडी बुलढाण्याला माझ्या ओळखीच्या गॅरेजवर घेऊन जा, मी फोन करते. आणि उस्तादांना यातलं काही सांगू नका, त्यांच्या मनाला लागेल.

शेषराव म्हणाला, “तुमी मनानं लय चांगल्या हाय मॅडम.”

बुलढाण्याला झडप खोलली, काजळीनं जाम झालेली निघाली. शेषरावला वाटलं नवा बिघाड. विलासला मी कामाचा ताण जास्त आहे म्हणून पाठवली असं सांगितलं. उस्तादांना इतकंच कळलं की त्यांना आवाज येत असलेली गाडी आता त्यांच्याकडे येत नाही. त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर पेचकस खिळ्याला टांगलेला राहिला. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. खोटं — पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पिवळा दिवा नसलेल्या, जुन्या, सॉकेटही नसलेल्या गाड्यांसाठीसुद्धा ते मला विचारायला लागले, “मशीन काय म्हणते, मॅडम?” या गाडीला मशीन लागत नाही म्हटलं की पान्यांच्या पेटीशी जाऊन बसायचे. कोणी ‘उस्ताद, जरा ऐका ना’ म्हणालं तर हात झटकायचे. “गेला तो कान. आता मॅडमले दाखवा.” लोक ते गंमत म्हणून घ्यायचे. मी टेबलावर मान खाली घालून वही लिहायचे. त्या महिन्यांतली माझी वही पाहिलीत तर थक्क व्हाल, इतकी नीटनेटकी आहे. चेसिस नंबरासकट. सतराच्या सतरा अक्षरं.

रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. चहा झाल्यावर. जेवणाच्या सुट्टीत. विलास बाहेर गेला की. रोज काहीतरी मधे यायचं, कारण मी ते येऊ द्यायचे. सहा दिवसांनी सांगितलं असतं तर चूक होती. दोन महिन्यांनी सांगायचं तर ‘इतके दिवस का नाही’ याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. दिवस जातील तसं ते वाक्य लांब होत गेलं.

दिवाळीनंतर विलास त्यांना बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी घरी बसून प्रार्थना करत होते — काय, माहीत आहे? कान खराब निघावा म्हणून. म्हणजे मग माझं खोटं खोटं राहणार नव्हतं. एका माणसाचा कान खरोखर बिघडलेला असावा अशी मी देवासमोर बसून इच्छा केली. हे मी आत्ता पहिल्यांदा शब्दांत पाहते आहे.

कान चांगला निघाला. वयाच्या मानानं उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. विलास हसत घरी आला, येताना पेढे घेऊन आला. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, आता उस्तादांना धीर येईल, आपोआप मिटेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजमध्ये विलासला जे सांगितलं ते मी टेबलावरून ऐकलं.

“कान चांगला हाय म्हन्ते डॉक्टर. म्हंजे भाऊ, कानाचा दोष नाही. डोक्यातच फरक पडला. नसलेला आवाज ऐकून राह्यलो मी.”

विलास म्हणाला, काही तरी काय बोलता उस्ताद.

“नाही, मी इचार केला. झडपीचं ठीक हाय, उद्या ब्रेकचं काम करताना डोकं असं चुकलं तं माणसं मरतीन. मले आता कोन्या गाडीखाली नका पाठवू.”

मी तिथं होते. पाच फुटांवर. टेबलाच्या खणात ती वही होती, पाटी पाहून लिहिलेली. पेन माझ्या हातात होतं. मी काय केलं असेल? मी पुढच्या ओळीला नंबर घातला.

वर्ष संपायच्या आत त्यांनी काम सोडलं. निरोप समारंभ मीच आखला. त्याची यादी माझ्याकडे आहे: शाल, श्रीफळ, हार, उस्तादांच्या घरच्या काकूंना साडी, पेढे दोन किलो, खुर्च्या वीस, फोटोवाला. प्रत्येक ओळीवर रेघ मारलेली. फोटोत मी उस्तादांच्या शेजारी उभी आहे. पेचकस ते घरी घेऊन गेले नाहीत. अजून खिळ्याला आहे. झाडताना मी तो उचलते, पुसते, परत टांगते.

गेल्या महिन्यात उंद्रीला एका लग्नाला गेले होते. विलास मांडवात थांबला, मी चप्पल घालून सरळ उस्तादांच्या घरी गेले. ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं, आठ वर्षांत ते परत लहान झालं होतं. उस्ताद ओट्यावर बाजेवर बसले होते. बरेच वाळलेत. काकूंनी दारातूनच हातानं खूण केली: ऐकू येत नाही. दोन वर्षांपासून खरंच येत नाही. मोठ्यानं बोला, अगदी कानाशी.

म्हणजे हे मला ओरडून सांगावं लागणार होतं. ओट्यावर, काकूंसमोर, शेजारच्या दारात धान्य निवडत बसलेल्या दोन बायांसमोर.

मी वाकले. “उस्ताद, पंजाबरावांच्या दोन गाड्या आठवतात का?” असं मोठ्यानं म्हणाले.

“हाव!” ते म्हणाले. लगेच. आठवायला क्षणही लागला नाही. “आठवते ना. थे कशी इसरन? थ्यात माह्यानं चुकलं होतं. चार लोकाईत तुमच्या मशीनसंग भांडलो मी. मंग लय दिवस मनात होतं का मॅडमले एकदा सांगावं, चुकलं म्हनून. राहूनच गेलं.” आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. “माफ करजा, मॅडम.”

समोर थांब्यावर एक जीप उभी होती. इंजिन चालू, मिनिटभर तरी. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाला मान हलवून उत्तर देता येतं. नाही म्हणूनही हलवता येते. पर्समध्ये वही होती, पेन होतं, उस्तादांना वाचता येतं. मोठ्या अक्षरात एक ओळ लिहून हातात देता आली असती. मी मान हलवली — असू द्या, अशी. त्यांचा चेहरा मोकळा झाला. काकूंनी चहा आणला. मी तो प्याले. साखर थोडी जास्त होती, पण छान झालाय असं म्हणाले.

झडप उंद्रीच्या गाडीची अडकली होती. सुखदेव उस्तादांनी पेचकस टेकवला, बराच वेळ ऐकलं, आणि बरोबर बोट दाखवलं. मला हे सहाव्या दिवशी दुपारी कळलं.